विचारा की! – पाणी निवळल्यावर होडीत बसायचं तर

दसरा झाला की सांगलीत एक गोष्ट नक्की होते. लोक एकमेकांना "आयर्विनला किती फूट?" असं, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय ते, विचारायचं बंद करतात. पावसाळाभर हा प्रश्न दूधवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे विचारत असतात, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडं पोरांना पाढ्याआधी पाठ होतं. मग नवरात्र संपता संपता पाणी उतरतं, गढूळपणा खाली बसतो, घाटाच्या खालच्या पायऱ्या चिखल लेवून बाहेर येतात आणि ज्या नदीला महिनाभरापूर्वी सगळे घाबरून होते तिच्याचकडं बघून लोकांना वाटायला लागतं की चला, जरा होडीत बसून येऊ. गेल्या अंकात मी सहज विचारलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत पाण्यावरनं कुठं जायचा विचार आहे का, तर एवढी पत्रं आली की यावेळी बाकीचे विषय बाजूलाच ठेवले.

प्रश्न : ताई, आम्ही चार मित्र कराडला कॉलेजला आहोत. दिवाळीत कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर हवा भरायची रबरी बोट पाण्यात टाकायची आणि तीन दिवसात सांगलीला पोचायचं असा प्लॅन आहे. नदी खालीच वाहते मग वल्हं पण फार मारायला लागणार नाही. घरच्यांना कसं पटवायचं ते सांगा. – कराडचा एक विद्यार्थी

घरच्यांना मी पटवणार नाहीये रे बाबा, उलट तुलाच पटवायचा प्रयत्न करते. कल्पना छान आहे, मला तुझ्या वयात सुचली असती तर मीपण निघाले असते, पण तू नकाशात नदीची निळी रेघ बघितलीस आणि त्या रेघेवर आडवे बंधारे आहेत ते बघितले नाहीस. कराडच्या खाली बहे आहे, मग नागठाणे, मग डिग्रज, आणि शेवटी सांगलीचा बंधारा. पावसाळा संपला की या असल्या बंधाऱ्यांना बरगे घालतात म्हणजे पाणी अडवायला फळ्या बसवतात, म्हणजे तू ज्या महिन्यात निघणार नेमक्या त्याच महिन्यात नदीचे तुकडे पडलेले असतात. एका बंधाऱ्यापासून पुढच्या बंधाऱ्यापर्यंत लांबलचक तळंच म्हण ना, वाहतं कुठं, वल्हं मारून हात भरून येतील.

हात दुखायचं सोड, खरी भीती वेगळीच आहे. बंधारा होडीतनं दिसत नाही. वरच्या बाजूनं येताना पाणी सपाट दिसतं आणि पुढं एक सरळ रेघ, बस्स. नुसता आवाज येतो, तोही वारा उलटा असला तर येत नाही. एकदा बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला काठावर उभा राहून बघ, पाणी वरनं पडतं, तळाला जातं आणि वर येऊन परत भिंतीकडंच वळतं. मी एकदा तिथं एक निळी स्लिपर बघितली होती, भिंतीला जायची, बुडायची, हातभर अंतरावर वर यायची, परत भिंतीला. मी चहा पिऊन आले, भेळ खाऊन आले, स्लिपर तिथंच. माणूस पोहणारा असो नसो, तिथं त्याचं त्या स्लिपरसारखंच होतं, म्हणून बंधाऱ्याच्या ना वर ना खाली, कुठंच जवळ जायचं नाही.

शिवाय पाणी तुझ्या सुट्टीप्रमाणं सुटत नाही. कोयनेचे सहा दरवाजे बंद असले तरी पायथ्याच्या वीजगृहातनं पाणी सोडतात, आणि परतीचा पाऊस झाला की दरवाजेही उघडतात. वरती सोडलेलं पाणी सांगलीत यायला एक दिवस धरून चाल, म्हणजे तू वाळूत तंबू ठोकून झोपलास तेव्हा चांदणं होतं आणि पहाटे तंबूत पाणी, असं होऊ शकतं. पेपरात "विसर्ग" म्हणून आकडे येतात ना क्युसेकमध्ये, ते वाचायची सवय लाव. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, मग दहा हजार क्युसेक म्हणजे काय ते तूच गुण.

मग काय करायचं? संगमावरच जा की. कृष्णा उत्तरेकडनं येते, कोयना तिच्या समोरासमोर येते आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात, इंग्रजी टी सारखं. नद्या तिरक्या मिळताना सगळीकडं दिसतात, अशी समोरून गळाभेट मी तरी दुसरीकडं बघितलेली नाही. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, तिथं बसून दोन पाण्यांचे दोन रंग कुठपर्यंत वेगळे राहतात ते बघ, पाऊस संपता संपता हे चांगलं दिसतं. आणि होडीत बसायचंच असेल तर दोन बंधाऱ्यांच्या मधल्या एकाच टप्प्यात, त्या गावचा नावाडी बरोबर घेऊन. तीन दिवस नको, तीन तास पुरे.

प्रश्न : कृष्णेत मगरी आहेत म्हणतात, आमच्या काठावर पण दिसतात. मग होडीतनं जाणं सुरक्षित आहे का? – पलूस तालुक्यातून एक गृहिणी

आहेत की, म्हणतात कशाला. भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, डिग्रज हा सगळा पट्टा त्यांचाच आहे आणि आपण त्यांच्या घरात भांडी घासतो. थंडी पडायला लागली की मगर सकाळी उन्हाला बाहेर येते कारण तिला अंग तापवायला ऊनच लागतं, म्हणून तुम्हाला त्या पावसाळ्यापेक्षा दिवाळीनंतर जास्त दिसतात. मगरी वाढल्या म्हणून नाही, त्या बाहेर येतात आणि पाणी उतरल्यानं काठ उघडे पडतात म्हणून.

चांगल्या रुंद लाकडी नावेत मधोमध बसलात तर मगर सहसा वाटेला जात नाही. हात पाण्यात सोडून बसायचं नाही, लहान पोरांना तर अजिबातच सोडू द्यायचे नाहीत. धोका नावेत कमी आणि काठावर जास्त असतो, गुडघाभर पाण्यात वाकून धुणं धुताना, मोटरीचा फूटव्हॉल्व्ह काढायला उतरताना, म्हशी धुताना. आणि ते कोंबडीचं वेस्ट पोत्यात भरून नदीत टाकणारे लोक आहेत ना, त्यांना पकडून आधी तिथं पोहायला लावलं पाहिजे, मगरीला एका जागी खायला मिळायची सवय हेच लावतात. मला याचा फार राग आहे, असो.

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो पण वासोटा किल्ला अजून केला नाही, याची लाज वाटते. बामणोलीहून बोटीनं जायचं असतं एवढंच माहीत आहे. ऑक्टोबर की डिसेंबर? बरोबर सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. – सातारा, एक नवरा-बायको

लाज कसली, सांगलीत जन्म जाऊन गणपती मंदिराच्या शिखराकडं नीट न बघितलेले लोक आहेत.

पावसाळ्यात वासोटा बंद असतो आणि साधारण ऑक्टोबरच्या मध्याला उघडतो, जायच्या आधी वनखात्याकडं चौकशी करा, कारण सगळा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि परवानगीशिवाय बोट सोडत नाहीत. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. का, तर कोयना तेव्हा भरलेली असते. १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) धरण आहे, ते काठोकाठ असलं की बोट जंगलाच्या अगदी पायाला लागते, आणि एप्रिल-मे मध्ये गेलात तर पाणी आत सरकतं आणि मधे भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा तुडवत जावं लागतं. डिसेंबर पण चांगला पण शनिवार-रविवारी बामणोलीला जत्रा असते आणि नंबर लागेस्तोवर नऊ वाजतात.

आणि नऊ वाजले म्हणजे दिवस गेलाच म्हणायचा. हिशोब बघा, बोट एका बाजूला दीड तासाच्या आसपास, वर चढायला दोन-अडीच तास, उतरायला दीड-दोन, आणि अंधाराच्या आत परत यायचं असतं कारण गडावर मुक्काम करू देत नाहीत. म्हणून साताऱ्यातनं पहाटे निघा, कास पठारावर फुलं बघायला थांबू नका (तोपर्यंत ती संपलेली असतात तसंही), आणि पहिल्या बोटींमध्ये नंबर लावा. भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नाही, तेव्हा तुम्ही चौघंच असलात तर तिथं दुसरा छोटा ग्रुप शोधा आणि वाटून घ्या, सगळे तसंच करतात. प्लास्टिक मोजून घेतात, डिपॉझिट ठेवतात आणि परत येताना मोजून दाखवावं लागतं, म्हणून बिस्किटाचे पुडे घरीच फोडून डब्यात भरा.

सासूबाईंचं म्हणाल तर गुडघे कसे आहेत त्यावर आहे. चढ दाट झाडीतनं आहे, सावली आहे, पण चढ तो चढच. मला विचाराल तर दोन भाग करा, तुम्ही दोघं कधीतरी वेगळे वासोट्याला जा आणि सगळ्यांना घेऊन तापोळ्याला जा. तिथं कोयना, सोळशी आणि कांदाटी अशा तिघींचा संगम आहे, बोटीत बसून दत्ताच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, उन्हात पाणी चमकत असतं, पोरगं खूश, सासूबाई खूश. तिथं गाड्या पलीकडं न्यायला तराफा पण आहे, मोठा सपाट, त्याच्यावर जीप आणि दुचाक्या आणि शेळ्या एकदम चढतात. सात वर्षांच्या पोराला वासोट्यापेक्षा तराफाच जास्त आवडेल बघा, लिहून देते.

अजून एक. बामणोलीहून बोट निघाली आणि थोडं आत गेली की आवाज फक्त इंजिनचा राहतो, दोन्ही बाजूला जंगल, आणि लोक रील करत असतात. त्या वेळी बोटवाल्याला विचारा की खाली काय आहे. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पोटात गावं आहेत, शेतं, देवळं, विहिरी. धरण झालं तेव्हा इथली माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, आपल्या सांगली जिल्ह्यात पण नेऊन बसवली. आम्ही गेलो होतो तेव्हाचा नावाडी एका जागी इंजिन जरा हळू करायचा, नेहमी तिथंच. विचारल्यावर म्हणाला, "इथं खाली आमचं आंब्याचं झाड हाय." बस, एवढंच, परत स्पीड वाढवला.

प्रश्न : आमच्या रानाच्या कडेनं कॅनॉल जातो, बारमाही नाही पण पाण्याची पाळी असली की तुडुंब असतो. युट्युबवर बघतो तर फ्रान्स-इंग्लंडमध्ये लोक कॅनॉलमधनं महिनाभर बोटीत राहतात. आपल्याकडं का नाही करत? गावचं पर्यटन वाढेल. – वाळवा तालुक्यातील एक शेतकरी

काका, प्रश्न इतका भारी आहे की मी दोन दिवस यावरच बसले. नाव एकच असलं तरी तुमचा कॅनॉल आणि त्यांचा कॅनॉल या दोन वेगळ्या जाती आहेत.

तुमचा कॅनॉल पाणी पोचवायला आहे म्हणजे त्याचं काम वाहणं. त्याला उतार दिलेला आहे, मधे जिथं जमीन एकदम खाली जाते तिथं पाणी पायरीवरनं खाली टाकलेलं आहे, ओढा आडवा आला तर एकतर वरनं जलसेतू किंवा ओढ्याच्या खालनं पाणी नेणारी बंद नळी, म्हणजे सायफन. रब्बीचा हंगाम १५ ऑक्टोबरपासून धरतात, मग पाळी सुटली की आठ-पंधरा दिवस पाणी आणि नंतर तळाला चिखल आणि त्यात तडफडणारे मासे, हे तुम्हाला मी काय सांगायचं. यात बोट सोडली तर जाताना मजा, पण येणार कशी? उलट्या धारेनं? आणि सायफनच्या तोंडाशी पाणी वरनं शांत दिसतं आणि खालनं ओढतं. अस्तर केलेल्या कॅनॉलच्या बाजू तिरक्या आणि शेवाळलेल्या असतात, पडलेला चांगला पोहणारा माणूस सुद्धा चढून येऊ शकत नाही, हात घसरतात. दरवर्षी कुठंतरी हे ऐकतोच आपण. त्यामुळं कुणी पोरगा ट्यूब घेऊन उडी टाकायला निघाला तर त्याला तिथंच दोन द्या आणि घरी पाठवा.

त्यांचा कॅनॉल म्हणजे रस्ता. पाणी जवळजवळ उभं असतं. मग डोंगर आला, चढ आला तर काय करायचं, यासाठी त्यांनी लॉक शोधून काढले. समजा दोन हौद आहेत, एक वरचा एक खालचा, मधे एक लांबट खोली आणि तिला दोन्हीकडं दारं. बोट खालनं खोलीत आली, मागचं दार लावलं, वरच्या दाराची छोटी झडप उघडली, पाणी आत आलं, बोट आपोआप वर उचलली गेली, दोन्हीकडची पातळी एक झाली की वरचं दार उघडायचं आणि पुढं. ना पंप ना वीज. दारं अशी व्ही सारखी वरच्या पाण्याकडं टोक करून बसवतात की पाण्याचाच दाब त्यांना घट्ट मिटवतो, उघडायचं म्हटलं तरी पातळी सारखी झाल्याशिवाय चार माणसांना उघडत नाही. अरुंद कॅनॉलवरच्या एका लॉकला एका वेळी लाख लिटरच्या वर पाणी खाली जातं, म्हणून वरती टेकडीवर त्यांना त्यासाठी वेगळे तलाव बांधावे लागले. फ्रान्समधला मिदी कालवा असाच, १६६६ ते १६८१ मध्ये खणला, साधारण २४० किलोमीटर, म्हणजे आपल्याकडं शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेपासून संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकापर्यंत ते लोक तिकडं खणतच होते.

आणि आपल्या देशात हे झालंच नाही असं पण नाही. हरिद्वारचा गंगा कालवा १८५४ ला सुरू झाला, तो शेतीचाच पण त्यावर होड्या चालाव्यात म्हणून लॉक बांधले होते. चेन्नईवरनं किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा बकिंगहॅम कालवा तर वाहतुकीचाच होता, मीठ, धान्य, सरपण होड्यांनी जायचं. मग रेल्वे आली, ट्रक आले. आपल्या दख्खनच्या पठारावर मुळात बारमाही पाणी कमी, त्यात एक हौद भरायला लाख लिटर कोण देणार, उसाला पुरत नाही ते. पर्यटन वाढवायचं असेल तर कॅनॉलच्या कडेनं जो सर्व्हिस रोड आहे त्यावरनं सायकली फिरवा, सकाळच्या वेळी, खात्याला विचारून. ते जमण्यासारखं आहे.

प्रश्न : मुलगी बर्मिंगहॅमजवळ असते. ती म्हणते ऑक्टोबरमध्ये या, आपण पाच दिवस नॅरोबोट भाड्यानं घेऊ. हे साठी ओलांडलेले, मी अठ्ठावन्न. बोट म्हणे आपणच चालवायची! लायसन नको का? थंडीचं काय? – सांगली, विश्रामबाग

वहिनी, जा. डोळे झाकून जा असं म्हणणार होते पण डोळे उघडे ठेवूनच जा.

भाड्याच्या बोटीला लायसन लागत नाही, सुरुवातीला तास-दीड तास शिकवतात. बोट रुंदीला सात फुटांच्या आत, लांबीला मात्र पन्नास-साठ-सत्तर फूट, म्हणजे आपल्या गल्लीत एसटी घालण्यासारखं. सुकाणूचा दांडा मागं उभं राहून धरायचा आणि तो डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं वळते, पहिला अर्धा तास नवरा-बायकोची भांडणं होतात ती यावरच. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे शेजारच्या पायवाटेवरचा कुत्रा फिरवणारा आजोबा तुम्हाला मागं टाकून जातो आणि वर हात हलवतो. घाई असणाऱ्या माणसानं जाऊच नये.

ऑक्टोबरमध्ये गंमत अशी की गर्दी कमी, भाडं उन्हाळ्यापेक्षा कमी, आणि दोन्ही काठाची झाडं पिवळी-तांबडी झालेली. फक्त शेवटच्या आठवड्याच्या आसपास तिकडं शाळांना सुट्टी असते, ते दिवस टाळा. पण तीच पानं पाण्यात पडतात आणि बोटीखालच्या पंख्याला गुंडाळतात, बोट धुसफुसायला लागते, पुढं जात नाही. मग इंजिन बंद, किल्ली खिशात (ही किल्ली खिशात घालायची, लावून ठेवायची नाही, हे तीनदा सांगते), मागचं झाकण उघडून कोपरापर्यंत हात गार पाण्यात घालायचा आणि चिवटून बसलेला लगदा ओढून काढायचा. आमच्याकडं तो मान यांना मिळाला. लगद्यात पानं होतीच, शिवाय एक प्लास्टिकची पिशवी आणि कुणाची तरी लेगिंग निघाली.

दुसरं म्हणजे अंधार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागं जातात आणि मग पावणेपाचच्या आसपास सूर्य जातो. भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते. म्हणजे चार वाजता खुंट्या ठोकून बोट बांधायची आणि आत शेगडी पेटवून बसायचं. याची तयारी मनानं करा, पत्ते न्या, मेतकूट-भात न्या. नोव्हेंबर लागला की लॉकच्या दुरुस्त्या सुरू होतात आणि वाटा बंद व्हायला लागतात, तेव्हा मुलीला सांगा की बुकिंगच्या आधी आपल्या मार्गावर काय बंद आहे ते बघ.

आता माझी फजिती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. लॉकमधून खाली उतरताना मला वाटलं बोट हलू नये म्हणून दोरी छान घट्ट बांधावी, आपण बैल बांधतो तशी. बांधली. पाणी खाली गेलं, बोट जाईना! पुढचं टोक दोरीला लटकलं, बोट तिरकी, आत ओट्यावरची किटली घरंगळत गेली आणि कपांचा आवाज. काठावरची एक बाई जोरात ओरडली, झडपा बंद केल्या, परत पाणी भरलं, सुटलो. उतरताना दोरी कधीच बांधून टाकायची नाही, हातात धरायची आणि सोडत सोडत जायचं. आणि लॉकच्या वरच्या दाराशी पाण्याखाली एक दगडी उंबरा असतो, उतरताना बोटीचं मागचं टोक त्याच्यावर अडकलं तर पुढचं टोक बुडतं आणि मग बोट भरते, म्हणून बोट पुढं ठेवायची. शिकवणारा माणूस हे सांगतो पण तेव्हा आपलं लक्ष फोटोकडं असतं.

जमलं तर वेल्समध्ये लँगॉलनकडं जाणारा मार्ग घ्या. तिथं १८०५ चा एक जलसेतू आहे, पोंटकासिल्टे असं काहीसं म्हणतात, ३०७ मीटर लांब आणि ३८ मीटर उंच, लोखंडी पन्हळीतनं बोट दरीवरनं जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही! भाऊजींना उंचीची भीती असेल तर पायवाटेच्या बाजूला बसवा.

प्रश्न : पोहायला येत नाही. लाइफ जॅकेट घातलं की झालं ना? – खटाव

झालं, पण नीट घातलं तर. सगळी बक्कलं लावा. मग कुणालातरी दोन्ही खांद्याला धरून जॅकेट वर उचलायला सांगा, कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. बसायची गादी म्हणून वापरलेलं, उसवलेलं जॅकेट परत द्या. आणि ओव्हरलोड बोटीत जॅकेट असूनही बसू नका. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला लोकांना सोडवायला निघालेली नाव उलटली, १७ जण गेले, आपल्या जिल्ह्यात तरी "अजून दोघं बसतील की" हे वाक्य कुणी म्हणू नये.

प्रश्न : आम्ही मिरजेचे आठ जण, दिवाळीत केरळ. हाउसबोट महाग पडते. आणि पाऊस संपलेला असतो ना? – मिरज

नाही संपलेला. आपल्याकडं परतीचा जातो तेव्हा त्यांचा दुसरा पाऊस सुरू होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, तुलावर्षम म्हणतात. पण तो बहुतेक दुपारनंतरचा, विजा कडकडून तास-दोन तास आणि मग लख्ख. सकाळचा वेळ बोटीत घालवा, दुपारी जेवून झोपा, असं केलं की भांडण नाही.

हाउसबोटीचं लोकांना वाटतं रात्रभर फिरते, तर तसं नसतं, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ती काठाला लागते कारण रात्री मासेमारीची जाळी पडतात. म्हणजे रात्रीचे पैसे तुम्ही झोपायचे देता. पैसे वाचवायचे तर अलप्पुळाहून कोट्टायमला सरकारी बोट जाते, राज्य जलवाहतूक खात्याची, अडीच तासांच्या आसपास, आणि तिकीट आपल्या एसटीपेक्षा स्वस्त वाटेल. शाळेची पोरं, मासळीवाल्या, सायकली, सगळे चढतात-उतरतात, आणि कुट्टनाडची भातशेती बघा, पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, तुम्ही बोटीतनं बांधाच्या पलीकडं खाली वाकून शेतात बघता. आपण पुरात शेतात पाणी बघतो, ते लोक रोजच पाण्याखालच्या उंचीवर भात लावतात. हौस असेल तर एक रात्र हाउसबोट घ्या, पण नोंदणी आणि जॅकेटं बघून, आणि एसी किती वाजता सुरू होणार ते आधी लिहून घ्या. मिरजेहून पूर्णा एक्स्प्रेसनं थेट एर्नाकुलम गाठता येतं, वार बघून तिकिटं आत्ताच काढा.

प्रश्न : आजी ८२ वर्षांची आहे. लग्न होऊन आली ती नावेतनं आली होती म्हणते, परत एकदा नावेत बसायचंय. कुठं नेऊ? – तासगाव, एक नात

औदुंबरला ने गं. दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि नावेतनं पलीकडं भुवनेश्वरीला जायचं, अंतर थोडंच आहे, आजीला झेपेल. आदल्या दिवशी तिथं कुणाला तरी फोन करून पाणी किती आहे आणि नाव चालू आहे का विचार. सकाळी दहानंतर जा, ऊन आलेलं असतं आणि पायऱ्यांवरचा ओलावा वाळलेला असतो, घसरतात त्या फार. गुरुवार आणि पौर्णिमा टाळ. आजीला नावेत उभं राहू देऊ नकोस, आधी नावाडी आत, मग आजी, तिच्या मागं तू, आणि मधल्या फळीवर एक जुनी चादर चौपदरी घालून बसव, फळी टोचते.

ती नदीला हळदीकुंकू वाहणार, नाणं टाकणार. ते कडेला वाकून नाही, बसल्या जागेवरनं टाकू दे. आणि सुटे पैसे घेऊन जा, नावाड्याकडं पाचशेचे सुटे नसतात.